निर्धाराला हातभार

राखेच्या बुधवारी सिगारेट सोडणारे आणि पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्सा आटोपताच ती पुन्हा पेटवणारे बंधू प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांना हसावे असे आम्हांला कधी वाटले नाही. हळहळ मात्र वाटते. निकोटिन तुटल्यानंतरची चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश यांचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो व बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे चाळीस दिवसांचा नेम पाळणाऱ्याने घाटाची अवघड चढण संपवलेली असते आणि माथ्यावरूनच तो परत फिरतो!

परंतु कित्येकांना तो पहिला आठवडाही ओलांडता येत नाही. झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. त्याला सोकावलेले शरीर मागणी करीत राहते. अशांना नुसते 'मन घट्ट करा' म्हणणे आम्हांला पुरेसे वाटत नाही.

एका भगिनीने तक्रारीच्या सुरात आम्हांला विचारले, "फादर, हे सिगारेट सोडली म्हणतात आणि निकोटिनचंच च्युइंगम चघळतात. ही पळवाट नाही का?"

नाही. निकोटिन व्यसन लावते हे खरे; पण कर्करोग व फुप्फुसांचे विकार ओढवतात ते प्रामुख्याने जळत्या तंबाखूच्या धुरामुळे. च्युइंगममध्ये धूर नाही. त्याची कल्पनाही पाणबुडीतून आली. तेथे धूम्रपान करता येत नसल्याने स्वीडिश नाविक तोंडातल्या तंबाखूवर भागवीत. हे १९६७ मध्ये कळल्यावर ओव्हे फेर्नो या संशोधकाने निकोटिनचे च्युइंगम तयार करण्याचे काम हाती घेतले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनचे च्युइंगम व त्वचेवर लावायची पट्टी यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. अशा उपचाराने सिगारेट सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. तरीही अपयशी ठरणारे अधिकच असतात, हेही सांगितले पाहिजे. म्हणून पुन्हा प्रयत्न करणाऱ्याला घरात टोमणे नकोत.

ई-सिगारेटचे काय, असे तरुण विचारतात. इंग्लंडमधील ८८६ जणांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के, तर च्युइंगम, पट्टी इत्यादी वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक सिगारेटपासून मुक्त होते. आकडा लपवण्याचे कारण नाही. मात्र त्या यशस्वी मंडळींत ई-सिगारेटवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ती ओढीत होते. दुसऱ्या गटात आपले साधन न सुटलेले केवळ ९ टक्के. एक दोरी सोडवून दुसरी बांधून घेण्याचा हा प्रकार आम्हांला रुचत नाही. शिवाय भारतात २०१९ च्या कायद्याने तिची आयात, विक्री व साठवणूक निषिद्ध आहे. तेव्हा परदेशातून येणाऱ्या आप्तांकडे ती मागू नये.

राहता राहिले ते गृहस्थ. चौकशी केली तेव्हा कळले, ते च्युइंगम चहाबरोबर, मुलांच्या गोळीसारखे भराभर चघळीत! तसे केल्यास निकोटिन पोटात जाते, उचक्या लागतात आणि तलफ तशीच राहते. ते सावकाश चावायचे. तिखट चव वा झिणझिण्या जाणवताच गाल व हिरडीच्या मध्ये ठेवायचे. झिणझिण्या थांबल्यावर पुन्हा चावायचे. असा अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे व ते तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत वर्ज्य. त्या भगिनीला आम्ही एवढेच सुचवले, की कपबशी पुढे करण्यापूर्वी त्यांना विचारीत जा.