देवगिरीच्या खंदकापाशी

नाताळचा सण आटोपला की आमच्या धर्मग्रामात सहलीची बोलणी सुरू होतात. डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातील गाव, हळद आणि केळीच्या पट्ट्यात वसलेले. या परिसरातील आमची कॅथलिक कुटुंबे मोजकी. त्यांतील काही तर नाताळालाही घरी नसतात, कारण ऊसतोडीचा हंगाम कोणाचा सण पाहून थांबत नाही. उरलेल्यांना घेऊन वर्षातून एक दिवस कोठेतरी जाऊन यावे, हा प्रघात आम्ही येथे आल्यापासून पाळीत आलो आहोत. एरवी एखादे तीर्थस्थान ठरते. यंदा मात्र तरुण मंडळींनी देवगिरीचा हट्ट धरला. सेमिनरीत असल्यापासून इतिहास हा आमचा आवडता विषय. तेव्हा खरे सांगावयाचे तर त्या हट्टाला आमचीच आतून फूस होती.

निघण्यापूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. यादी करताना आम्ही दोन रकाने आखले, ‘गड चढणारे’ आणि ‘खाली थांबणारे’. दुसऱ्या रकान्यात पहिलेच नाव घातले ते सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे. त्यांना विचारण्याची तसदी आम्ही घेतली नाही. रविवारी मिस्सेला गुडघे टेकताना त्यांना होणारा त्रास आम्ही पाहिला होता, तेवढा पुरावा आम्हांस पुरेसा वाटला.

बस मध्यरात्री सुटली. औंढा नागनाथ आले तेव्हा सर्वजण झोपेत होते. तेथील हेमाडपंती मंदिर यादवकाळातले. ज्या राजधानीला आम्ही निघालो होतो तिची सावली अशी आमच्या अंगणापर्यंत पडलेली होती, हे कोणाला उठवून सांगावेसे वाटले. पण सहलीला निघालेल्या माणसांची झोप मोडणे बरे नव्हे. जिंतूर, जालना मागे पडले आणि उजाडता उजाडता आम्ही छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, पोहोचलो. तेथून देवगिरी पंधरा किलोमीटर. चहा घेऊन दारापाशी आलो तो आजी सर्वांच्या आधी बसमधून उतरलेल्या.

“आजी, तुम्ही येथे सावलीत बसा. चढण फार आहे,” आम्ही म्हणालो.

“बसायला घरी काय कमी जागा व्हती, फादर?” असे म्हणून त्यांनी पदर खोचला आणि चालू लागल्या.

वाटाड्या तिशीतला, चुणचुणीत तरुण होता. त्याचे बोलणे पाठ होते, पण कंटाळवाणे नव्हते. भिल्लम पाचवा या यादव राजाने ११८७ च्या सुमारास येथे राजधानी वसवली. पुढे सिंघण, महादेव, रामदेवराय. हेमाद्रीसारखा विद्वान त्यांच्या पदरी. येथे आम्हांला राहवले नाही. रामदेवरायाच्याच राज्यात १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, लीळाचरित्र हेही त्याच काळाचे लेणे, आणि ज्या भाषेत फादर स्टीफन्स यांनी रचलेले ख्रिस्तपुराण पुढे १६१६ साली छापले गेले त्या भाषेचे बाळसे याच छत्राखाली वाढले, असे आम्ही सांगू लागलो. वाटाड्या अदबीने थांबला. मग मुलांना म्हणाला, “तुमच्या फादरना सगळं येतं, मला कशाला बोलावलं?” मुले हसली आणि आम्ही गप्प झालो.

भारतमाता मंदिरात एका मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला. तेथील खांब जुन्या देवळांचे. १३१८ साली, खिलजींच्या अमलात, त्यांतून मशीद उभी राहिली. आणि १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसली. “मग हे खरं कुणाचं, फादर?” वाटाड्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही वाटाड्याकडे. उत्तर देण्याची घाई आम्ही केली नाही. अजूनही केलेली नाही.

चांद मिनार बाहेरून पाहिला. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह औरंगजेबाच्या कैदेत बारा वर्षे होता. तेथील निळ्या फरशांचे आता तुकडेच उरले आहेत. मेंढा तोफेवर बसून फोटो काढू नये असा फलक असावा अशी आमची इच्छा होती. आमच्या तरुणांनी ती किती आवश्यक आहे हे सिद्ध केले.

आणि मग खंदक आला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना कसे सांगावे? डोंगराच्या पायथ्याचा उतारच माणसांनी तासून काढला आहे. सुमारे दीडशे फूट सरळ उभा कडा, घोरपडीलाही धरायला जागा नाही, आणि त्याच्या तळाशी अखंड खडकात खोदलेली खोल चर, पाणी भरलेली. पलीकडे जाण्यास एकच अरुंद पूल, आणि पुलापुढे ‘अंधेरी’ नावाचा काळोखा, वळणांचा जिना. त्याच्या वरच्या तोंडाशी निखारे पेटवून आत धूर कोंडण्याची सोय होती. असा किल्ला लढून कोण घेणार? वाटाड्या म्हणाला, “लढून कोणी घेतलाच नाही. उपासमारीनं घेतला.”

१२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा यादवांची मोठी फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती. घाईघाईने धान्याची म्हणून जी पोती गडावर नेली, ती कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची मिठाची निघाली, अशी कथा जुने इतिहासकार सांगत आले आहेत. १६३३ साली मोगलांच्या महाबतखानाने वेढा घातला तेव्हाही मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने अन्न संपल्यावर किल्ला सोडला. त्याच्या आधीची तीन वर्षे दख्खनमध्ये भीषण दुष्काळाची होती.

मिठाच्या पोत्यांवर मुले हसली. आजी हसल्या नाहीत.

“पोती आत घेताना कुन्ही हात घालून बगितला न्हाई व्हय? मिठाचं पोतं येगळंच जड आसतंय. बाईमानूस उचलायला आसती तर तितंच वळखलं आसतं.”

वाटाड्या क्षणभर निरुत्तर झाला. ही कथा सांगताना असे त्याला आजवर कोणी म्हटले नसावे. मग त्याने महंमद तुघलकाकडे मोर्चा वळवला. १३२७ साली दिल्लीकरांना राजधानीसाठी एवढ्या दूर चालत यावे लागले, आणि काही वर्षांत पुन्हा परत जावे लागले. मुले पुन्हा हसली, कारण तुघलक हा आपल्याकडे हसण्याचाच विषय. आम्हांला मात्र आमच्या रिकाम्या राहिलेल्या बाकांची आठवण झाली. या क्षणी ती कुटुंबे कोणत्या फडावर असतील? इब्न बतूता हा प्रवासी येथे येऊन गेला. येथील तुरुंगात मांजरांहून मोठे उंदीर असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे, हे सांगून आम्ही वातावरण हलके केले.

मंडळी अंधेरीकडे निघाली. आजी पुलापाशी कड्याला हात लावून उभ्या होत्या. आम्ही मागे राहिलो. आमचेही गुडघे आता पूर्वीचे नाहीत, असे मुलांना सांगितले.

“फादर, ह्ये बगा,” आजी म्हणाल्या. खडकावर टाकीचे बारीक, तिरके घाव होते, ओळीने. “ह्यो काळा दगड. नुसता घण मारून भागत न्हाई, टाकीनंच खावा लागतो. हितं येक मानूस व्हता. आन् हितनं हात बदलला. घाव उलटीकडं कलले. ह्यो डावरा व्हता.”

आम्ही वाकून पाहिले. खरेच, बोटभर अंतरावर घावांची दिशा फिरली होती. इतकी पुस्तके वाचून आम्ही आलो, पण त्या खंदकात एक डावखुरा माणूस होता हे आम्हांला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

“तुम्हांला कसे कळते हे?”

“बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली की. साल-दीड साल. नवरा घण मारायचा, म्या बारीक करायची.”

मग त्या बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. रस्त्याचे सरकारी काम होते. सुकडी मिळे. पहिला मुलगा तेथेच, पालात जन्मला, शिमग्यानंतरच्या आठवड्यात. बाप्तिस्म्यासाठी गावी न्यावयाचा होता, पण मजुरी बुडली असती, आणि फादर त्या बाजूला महिन्यातून एकदा येत. अंगावर दूध नव्हते. सतरा दिवस झोळीत होता. कामाच्या कडेलाच त्याला मूठमाती दिली. पुढे कोणीतरी त्यांना सांगितले की बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला देवाघरी जागा नसते. ते त्यांनी पन्नास वर्षे मनात ठेवले. धर्मगुरूंना विचारले नाही, कारण उत्तर तेच आले असते तर?

“कुठं आसंल वो त्यो, फादर?”

अशा बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, हे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात आहे. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार असल्याचे सविस्तर मांडले. हे सर्व आम्हांला पाठ आहे. त्या पुलापाशी त्यातले काहीच आठवले नाही. “ज्या देवाने त्याला तुमच्या झोळीत घातले, तो त्याला बाहेर उभे करील का, आजी?” एवढेच म्हणालो. त्या बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. सहा वर्षे आम्ही त्यांना ओळखत होतो. त्यांच्या घरातील बाप्तिस्मे, लग्ने, दफने, सगळ्यांच्या नोंदी आमच्या कपाटात आहेत.

“नाव ठेवले होते?”

त्यांनी नाव सांगितले.

तासाभराने मुले वटवाघळांच्या वासाच्या गप्पा मारीत खाली आली. आजींनी फडके सोडून भाकरी आणि ठेचा काढला. पहिली भाकरी वाटाड्याच्या हातावर ठेवली. तो नको म्हणत होता. “खा बाबा, मीठ बरोबर हाय,” त्या म्हणाल्या, आणि तो खळखळून हसला.

परत आल्यावर मृतांसाठी अर्पण करावयाच्या मिस्सांच्या वहीत आम्ही ते नाव लिहिले. जन्मतारखेच्या जागी ‘शिमग्यानंतरचा आठवडा, १९७३’, गावाच्या जागी ‘रस्त्याचे काम’. रविवारी वेदीवरून ते नाव वाचले तेव्हा आजी नेहमीप्रमाणे तिसऱ्या बाकावर होत्या, आणि मागे मुले अजून अंधेरीविषयीच कुजबुजत होती.