सड्यावरचं पाणी

भाद्रपदात सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या पठारावर, चालायचं तर चपला हातात घ्याव्यात. पायाखालचा जांभा काळवंडून निसरडा झालेला असतो, त्याच्या खळग्याखळग्यांत बोटभर पाणी साचलेलं असतं, त्या पाण्यात अख्खं आभाळ उतरून वाऱ्यासरशी थरथरत असतं, कुठल्याशा फटीतून बेडकांचा गलका वर येत असतो. आणि नजर जरा जमिनीशी रुळली की ध्यानात येतं, मघापासून आपण जिला नुसती ओल समजत होतो ती जांभळी आहे.

सीतेची आसवं.

इतकं हळवं नाव, आणि झाड मात्र शिकारी. दगडात अन्न नाही, म्हणून पाण्याखालच्या इवल्या पिशव्यांत ही वनस्पती किडे धरते आणि वर निळसर जांभळी होऊन डुलते. शेजारी गेंदाचे पांढरे ठिपके. महिना-दीड महिन्याचा हा सगळा संसार. मग ऊन चढतं, गवत पिवळं पडतं, आणि वैशाखात त्याच जागी उभं राहावं तर तापलेल्या दगडाखेरीज काही दिसत नाही. ‘इथं आहे काय?’ असं विचारणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो चुकीच्या महिन्यात आलेला असतो.

बांदा ओलांडून पत्रादेवीच्या नाक्यापुढे गेलं की गोव्यातला पेडण्याचा मुलूख लागतो. उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा, आणि मधे मोपाचा सडा. गोव्याच्या नव्या विमानतळासाठी तो निवडला गेला याचं नवल वाटत नाही. उंच, सपाट, उघडा. कागदावर त्याहून सोयीचं काय असणार?

पण सड्याचं खरं काम पोटात चालतं. जांभ्याच्या छिद्राछिद्रांतून पाऊस आत मुरतो, खालच्या मऊ मातीच्या थरावर अडतो, अंधारात वाट काढत महिनोन्‌महिने सरकतो, आणि पायथ्याशी कुठे झर होऊन, कुठे पोफळींच्या मुळांशी, कुठे विहिरीच्या तळाशी पुन्हा उजेडात येतो. आमच्याकडचा एक म्हातारा बागायतदार म्हणायचा, “सडो पावसात पाणी पिता, मगे वैशाखात आमका पाजता.” एवढं सांगून तो विडी पेटवायचा. त्याच्या लेखी विषय संपलेला असे.

न्यायालयात तो तिथं संपत नाही. मोपाच्या विमानतळाविरुद्धच्या लढ्यात गावकरी होते, रेनबो वॉरियर्ससारखी संघटना होती, हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या पायऱ्या होत्या, आणि कागदांत ठसठशीत उभा असलेला एक आकडा होता: तोडायच्या झाडांचा, 54,676. मला त्या आकड्याची कीव येते आणि आदरही वाटतो. झाड मोजता येतं, त्याला क्रमांक देता येतो, ते पडलं की आवाज होतो. बोटभर पाण्याचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं? फाल्गुनात विहिरीला किती वाव दोर लागला आणि पुढच्या साली किती, हा पायथ्याच्या बायकांच्या हातांत मुरलेला हिशेब कुठल्या रकान्यात भरायचा? म्हणून सड्याची बाजू झाडांनी मांडली. फुलं आणि पाणी मागे उभी राहिली, साक्षीला न बोलावलेल्या माणसांसारखी.

29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण मंजुरी स्थगित केली. भोवतालची जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं अर्जात नीट सांगितलीच नव्हती, असा ठपका ठेवून. जानेवारी 2020 मध्ये, अधिक अटी घालून, ती स्थगिती उठली. वकिलांच्या भाषेत हे काही महिने. माझ्या मनात मात्र त्या दोन तारखांच्या मधोमध एक अख्खा पावसाळा उभा राहतो. मी तिथं नव्हतो. तरी दिसतं: यंत्रं गप्प, अर्धवट खरवडलेल्या लाल जमिनीत चाकांच्या खोल चऱ्या, मृगाच्या पहिल्या सरीनं त्या भरलेल्या, आणि जिथं जुनी कातळकाया शाबूत राहिली असेल तिथं भाद्रपदात, कुणाच्याही निकालाची वाट न पाहता, आलेला तो जांभळा रंग. लढ्यानं काय मिळवलं असं कुणी विचारलं, तर मी आधी तो पावसाळा सांगेन. थोडका आहे. पण सड्यावरचं सगळंच थोडक्या दिवसांचं असतं.

5 जानेवारी 2023 पासून तिथून विमानं उडू लागली. आता तिथला पाऊस काँक्रीटवरून गटारांच्या वाटेनं जातो.

टिटवीला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. तिला उघडी, सपाट जमीन लागते; खड्यांत खड्यासारखी अंडी घालून ती वर आरडाओरडा करत राहते. धावपट्टीच्या कडेची जमीन तिला सडाच वाटत असणार. विमानतळांवर पाखरं हाकलायला माणसं नेमलेली असतात, ती फटाके वाजवतात. टिटवी उठते, शिव्या घातल्यासारखी ओरडत एक घिरटी घेते आणि दुसऱ्या टोकाला उतरते. मग तो माणूस फटाका घेऊन तिकडे निघतो.