फोंताईन्यासमधला मुक्काम

१/ पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंताईन्यास ही जुनी वस्ती आहे. येथील काही छोटी अतिथिगृहे जुन्या घरांतच थाटलेली आहेत. पाहुणा उतरतो, तो एखाद्या कुटुंबाच्या इतिहासात.

२/ १८व्या शतकाच्या अखेरीस येथे नारळाची बाग होती. तिचे मालक आंतोनियो जुआंव द सिकैरा मोझांबिकमध्ये धन मिळवून परतलेले, म्हणून लोक त्यांना ‘मोसमीकर’ म्हणत. वस्तीचे नाव मात्र पायथ्याच्या झऱ्यावरून पडले.

३/ रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि ही वस्तीही वाढली.

४/ येथील सेंट सेबास्टियन चॅपेलमधला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

५/ लाकडी सज्जे आणि कौले यांना गोव्याचा पाऊस दरवर्षी झिजवतो. छायाचित्रे काढून निघून जाणाऱ्यांचा केवळ गलबला रहिवाशांच्या वाट्याला येतो. मुक्कामाचे भाडे निदान डागडुजीच्या कामी येते. तरीही पाहुण्याने दुपारी गल्लीत हळू बोलावे. खिडकीआड शेजारी वामकुक्षी घेत असतात.