बिरसीचे विमान आणि कचारगडची वाट

2024 च्या माघ महिन्यात हैदराबादहून गोंदियाला निघालेल्या प्रवाशाला आपले विमान पाहून किंचित आश्चर्य वाटले असते. दोन पंख्यांचे, ए.टी.आर. जातीचे, सत्तर-अठ्याहत्तर आसनांचे छोटे विमान. आत शिरायचे ते शेपटीजवळच्या लहानशा जिन्याने. डोक्यावरचे कप्पे इतके बेताचे की मोठी हातपेटी त्यांत मावत नाही. मात्र या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात आणि ते मोठ्या जेट विमानांपेक्षा पुष्कळ खालून उडते. त्यामुळे खालची भूमी नकाशासारखी उलगडत जाते, आणि या मार्गावर तीच खरी पाहण्याजोगी गोष्ट आहे.

हैदराबाद ते गोंदिया हे हवाई अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास; प्रवास सुमारे दीड तासाचा. गोदावरी ओलांडली की आसिफाबादचा डोंगराळ मुलूख लागतो. हा गोंडांचा जुना प्रदेश. याच भागात जोडेघाट येथे 1940 मध्ये कोमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. ज्या राजधानीतून तेव्हा बंदुका आल्या, तिथूनच आता विमान निघते. पुढे उजाड-हिरव्या पट्ट्यांनी चंद्रपूरचा मुलूख ओळखू येतो. चंद्रपूर हीही एके काळी गोंड राजांची राजधानी होती. वैनगंगा मागे पडली की तळ्यांचा प्रदेश सुरू होतो. नवेगावबांधचे विस्तीर्ण पाणी दिसले म्हणजे गोंदिया जवळ आले असे समजावे.

गोंदियाचा विमानतळ बिरसी गावी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी. युद्ध संपले, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आली आणि शिकाऊ वैमानिकांची चिमुकली विमाने भातखाचरांवरून घिरट्या घालू लागली. भोवतालच्या गावांना विमानाचा आवाज असा परिचयाचा झाला, परंतु तिकीट काढून त्यात बसण्याची सोय नव्हती. ती 13 मार्च 2022 रोजी झाली. फ्लायबिग या लहान प्रादेशिक कंपनीने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. ती फार काळ टिकली नाही. त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोचे विमान गोंदियाला हैदराबाद व तिरुपतीशी जोडू लागले.

अशा सेवा का सुरू होतात आणि का थांबतात, याचे उत्तर हिशेबात आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये ‘उडान’ योजना आणली. तिच्या मूळ रचनेनुसार विमानातील निम्मी आसने, जास्तीत जास्त चाळीस, सवलतीच्या दराने द्यायची. सुमारे तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला आरंभी अडीच हजार रुपयांची मर्यादा होती. कंपनीला येणारी तूट सरकार भरून देते. तिचा पाचवा हिस्सा राज्याचा. ही मदत तीन वर्षांची. तेवढ्या मुदतीत मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा. कर्जाच्या भाषेत बोलायचे तर ही व्याजातील सूट आहे, भांडवल नव्हे. मुदत संपल्यावर रोज आसने कोण भरणार, हा प्रश्न उरतोच. गोंदियाचे तांदळाचे व्यापारी, हैदराबादच्या रुग्णालयांत जाणारे रुग्ण, तेथे नोकरी-शिक्षणासाठी राहिलेली मुले ही खरी गिऱ्हाइके. कचारगडचा यात्रेकरू त्यात जवळजवळ नाही.

आणि कचारगडला येणाऱ्यांची संख्या तर लाखांत मोजली जाते. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील दरेकसाच्या डोंगरात ही कोया पुनेमची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. पायथ्याच्या धनेगावात पिवळे फेटे आणि सप्तरंगी ध्वज दिसू लागतात. एकमेकांना ‘जय सेवा’ म्हणून अभिवादन होते. वर, दाट अरण्यात, प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंडी परंपरा सांगते की काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि वादक हिरासुका पाटालीर यांनी त्यांना सोडवले. द्वारावरील शिळा हटवताना हिरासुका तिच्याखाली सापडून मृत्यू पावला. त्याच मुलांपासून गोंडांच्या कुळांची व्यवस्था पुढे आली, अशी श्रद्धा आहे.

आजच्या स्वरूपातील यात्रा मात्र फार जुनी नाही. 1980 च्या दशकात मोजक्या मंडळींनी ती सुरू केली. त्यांत अग्रणी होते गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली. नोकरीने ते रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयातील अधिकारी. दिवसा बँकेचे काम आणि उरलेल्या वेळात गुहा, लिपी, कुळकथा यांचा शोध! बँकेत आयुष्य घालवलेल्यांनी तरी हे नाव लक्षात ठेवावे.

बिरसीला उतरलेल्या प्रवाशाची खरी परीक्षा विमानतळाबाहेर सुरू होते. दरेकसा अद्याप पन्नास-साठ किलोमीटर दूर. आमगाव, सालेकसा करीत मोटारीने जाण्यात जवळजवळ विमानप्रवासाइतकाच वेळ मोडतो. मुंबई-हावडा लोहमार्ग दरेकसावरून जातो खरा, पण जलद गाड्या या लहान स्थानकावर न थांबता निघून जातात. पुढचे मोठे स्थानक डोंगरगड. तेथील चंद्रगिरीवर 18 फेब्रुवारी 2024 रोजी आचार्य विद्यासागर महाराजांनी समाधी घेतली, आणि 24 तारखेला माघ पौर्णिमा होती. त्या एकाच आठवड्यात एकाच लोहमार्गाने दोन निराळ्या श्रद्धांचे भाविक या डोंगरांत आले. दोघांनाही विमानाहून अधिक उपयोगी पडली असती ती थांबणारी गाडी आणि वेळेवर सुटणारी एस.टी. सवलतीच्या एका आसनावर खर्च होणाऱ्या पैशात या शेवटच्या टप्प्यावर किती माणसे पोहोचू शकतील, हा हिशेब विमानसेवेच्या उद्घाटनप्रसंगी कोणी मांडत नाही. विमान नको असे नव्हे. रुग्णाला ते हवेच. पण टप्पा अर्धाच जोडलेला आहे.

आसिफाबादकडचे गोंड आधी पुष्य अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेला जातात. तेथून बरोबर पंधरा दिवसांनी कचारगडची पौर्णिमा येते. विमान ज्या गावांवरून दीड तासात निघून जाते, त्याच गावांतील माणसे जीप-ट्रकमधून, धान्य-भांडी घेऊन, रात्रभराचा प्रवास करून येतात.

यात्रेखेरीज कचारगड पाहायचे असेल तर हिवाळा उत्तम. धनेगावनंतर चढण आहे आणि वाट जंगलातून जाते, म्हणून स्थानिक माणूस सोबत घ्यावा. पाणी व शिदोरी जवळ ठेवावी. वर काही मिळत नाही. गुहेच्या छताला पडलेल्या मोठ्या भगदाडातून दुपारचा प्रकाश आत उतरतो, तो पाहून दिवस मावळण्यापूर्वी पायथा गाठावा.