पलटणीची पांगापांग

अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाचे पुढचे वर्ष कसे गेले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. विजयाच्या रात्री जयजयकार होतो, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात, आणि कहाणी सुफळ संपूर्ण झाली असे आपण धरून चालतो. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणीने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रो कबड्डीचे आपले पहिले अजिंक्यपद मिळविले, तेव्हा मीही तसेच धरून चाललो होतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही पलटण बारा संघांमध्ये आठवी आली. त्या वेळी पहिले सहा पुढे जात आणि बाकीचे आपापल्या घरी. पुण्याच्या बाबतीत तर घरी जाण्याचाही प्रश्न नव्हता, कारण त्या वर्षीचा शेवटचा सारा खेळ पुण्यातच, बालेवाडीला व्हायचा होता.

आता पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसणाऱ्या माणसाला कबड्डीची एवढी आच का, असे कोणी विचारील. मला स्वतःला खेळता कधीच आले नाही. पण आमचे वडील हुतुतू खेळत. ते मरेपर्यंत ‘कबड्डी’ असे म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांना सरकारी वाटे. हुतुतू तो हुतुतूच, आणि तो मातीवर खेळायचा. गुडघ्यावरचे वण ही त्या खेळाची सनद. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ तिकडच्या लोकांना करून दाखविला, ही हकीकत ते इतक्या तपशिलाने सांगत की ते स्वतः त्या बोटीत होते असे लहानपणी मला वाटे. शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांचे नाव आमच्या घरी एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताप्रमाणे निघे. तेव्हा हा खेळ मला वारशाने मिळाला, तो प्रेक्षक म्हणून.

आणि पुण्याला आपला म्हणावा असा व्यावसायिक संघ टिकत नाही, हेही एक दुखणे आहेच. क्रिकेटची पुणे वॉरियर्स ही सेना २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तक्त्याच्या तळाशी रखडली आणि गेली. २०१६ साली सुपरजायंट आले. पहिल्या वर्षी आठांत सातवे. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ असल्यामुळे उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यावयास सांगितले, आणि पुण्याच्या संघाने आपले ‘घर’ विशाखापट्टणमला थाटले. निर्णय योग्यच होता. पण घरच समुद्रापलीकडच्या काठाला गेल्यासारखे झाले खरे. पुढच्या वर्षी कर्णधार बदलला, माणसे बदलली, आणि अंतिम सामन्यात हा संघ मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. त्यानंतर तो राहिलाच नाही. त्याची मुदत मुळात दोनच वर्षांची होती. फुटबॉलचा संघ २०१९ मध्ये हैदराबादेस गेला. उरली ती ही पलटण. २०१४ पासून ती येथे आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत ती सर्वांत शेवटची होती. पण ती गेली नाही, यातच आमच्यासारख्यांनी समाधान मानले.

‘पलटण’ हा शब्द मला नेहमी गमतीचा वाटतो. तो फिरंग्यांच्या छावणीतून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की आता घरातल्या पोराबाळांनाही आपण पलटण म्हणतो. मूळची पलटण म्हणजे मात्र पगारी शिपायांचा कवायती जथा. हा मूळ अर्थ आपण विसरलो होतो. कबड्डीच्या लिलावाने त्याची आठवण करून दिली.

कारण दहाव्या हंगामातील ती विजयी पलटण दोन प्रकारच्या माणसांची होती. एक, येथेच हाताखाली वाढविलेली तरुण मुले. पुण्याने ‘युवा पलटण’ नावाची एक शाळाच चालविली आहे, आणि कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखे खेळाडू नावारूपाला आले ते याच पंक्तीतून. दुसरा प्रकार म्हणजे विकत घेतलेला वीर. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईस लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक संघाची थैली पाच कोटींची होती. आणि पुण्याने तिच्यातील दोन कोटी पस्तीस लक्ष रुपये एका इराणी तरुणावर ओतले. मोहम्मदरेझा शादलू हे त्याचे नाव. जागा डाव्या कोपऱ्याची.

कोपरा ही काय चीज आहे, हे ज्याने खेळ पाहिला नाही त्याला सांगितले पाहिजे. चढाई करणारा गडी मध्यरेषा ओलांडून येतो. त्याला तीस सेकंद. सर्वांचे डोळे त्याच्या हातांकडे असतात. पण कोपऱ्यातला माणूस त्याच्या पायांकडे पाहत असतो. तो वाकून, जवळजवळ दडून, मागे मागे सरकतो, जणू त्याला या प्रकरणाशी कर्तव्यच नाही. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, आणि तो पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच घोट्याला मिठी बसते. मग उरलेले सहाजण त्याच्यावर कोसळतात. कोपरा चुकला तर गुणही जातो आणि गडीही. म्हणून तेथे धाडस आणि संयम यांचा संसार एकाच अंगात मांडावा लागतो. शादलूने त्या हंगामात पकडीचे नव्व्याण्णव गुण मिळविले. पुण्याने बावीस साखळी सामन्यांपैकी सतरा जिंकले, तीन बरोबरीत सोडविले, हरले केवळ दोन. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले, तेव्हा माझा पुतण्या पलंगावरून पडला. त्याला लागले होते, हे त्याला दुसऱ्या दिवशी समजले.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा लिलाव भरला, आणि शादलू दोन कोटी सात लक्षांना हरियाणाकडे गेला. म्हणजे जो संघ पुण्याकडून हरला होता, त्यानेच पुण्याचा डावा कोपरा विकत घेतला! मी पुतण्याची समजूत घालावयास गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, “काका, तो आता आपला नाही.” नवव्या वर्षी असले वाक्य इतक्या सहजपणे उच्चारता येते, याचे मला वाईट वाटले. मी म्हणालो, “अरे, पण गेल्या वर्षी तो आपलाच होता ना?” त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी एरवी फक्त बँकेतल्या कारकुनांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

अकरावा हंगाम सुरू झाला तो चांगला. पहिले काही सामने असे गेले की शादलूवाचून काही अडले नाही, असे मी मोठ्याने म्हणू लागलो. मग अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली, आणि तो हंगामातून बाहेर पडला. अस्लम हा नुसता चढाईपटू नव्हे. सामन्याचे अखेरचे पाच मिनिट उरले असता कोणी चढाईला जावे, कोणी वेळ काढावा, कोणी बोनसवर समाधान मानावे, हे सारे त्याच्या डोक्यात चालते. त्याच्यामागे आकाश शिंदे आणि पंकज मोहिते यांनी नेतृत्व सांभाळले, पण एक तुळई काढल्यावर माळवद जसे कुरकुरते, तसा तो संघ मला कुरकुरताना ऐकू येऊ लागला. मोठे पराभव फारसे आठवत नाहीत. आठवतात ते हातात आलेले आणि शेवटच्या दोन चढायांत सुटलेले सामने. अशा पराभवांनंतर आमच्याकडे जेवणाच्या पानावर कोणी बोलत नसे. आमच्या सौभाग्यवतींना कबड्डीत काडीचा रस नाही, पण त्या दिवसांत त्यासुद्धा वाढताना आधी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत. पुतण्याने तो खडूने लिहून ठेवला होता.

अंतिम सामना २९ डिसेंबरला बालेवाडीत झाला. तिकिटे मी आशेच्या काळात घेऊन ठेवली होती. ती परत करावीत की काय, असा विचार आला. पण पुतण्या म्हणाला, जाऊ या. तो केशरी अंगरखा घालूनच निघाला. ज्या सामन्यात आपला संघ नाही, त्याला आपल्या संघाचा वेश करून जाणे हे मला सुतकात पंगतीला जाण्यासारखे वाटले, पण तेथे पोचल्यावर पाहतो तो तसे केशरी अंगरखे शेकड्यांनी होते. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरविले आणि तेही प्रथमच अजिंक्य झाले. शादलू त्यांच्या बाजूने खेळत होता, आणि खेळत होता तो अगदी तसाच, घोट्याला तीच मिठी, मांडीवर तीच थाप. पुण्याची माणसे त्याच्या प्रत्येक पकडीला टाळ्या पिटत होती. माझ्या मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “पाहुणा म्हणून आलाय, पण घर ओळखतो.” पुतण्या मात्र टाळ्या वाजवीत नव्हता. तो हात मांडीखाली दाबून बसला होता.

मला त्या वेळी इब्राहिमखान गारदी आठवला. पुण्याच्या माणसाला पानिपत कोठेही आठवते, हा दोष मान्य करून सांगतो. हा सरदार आधी निजामाच्या पदरी होता. पुढे भाऊसाहेबांनी त्याला आपल्याकडे घेतले. पगारी माणूस, कवायती पलटणीचा. दरबारातल्या कित्येकांना त्याचा भरवसा वाटत नसे. पण १७६१ च्या त्या दिवशी तो शेवटपर्यंत लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. जातिवंत शिपायाची निष्ठा कोणाच्या झेंड्याशी असते की हातातल्या कामाशी, हा प्रश्न त्याच्यापुरता तरी मला कधी सुटला नाही. शादलूच्या कामात पुण्यासाठी काडीमात्र उणे नव्हते, आणि हरियाणासाठीही नव्हते. खेळ ही विद्या तर अशीच हिंडते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना अंतिम सामन्यात हरविले, तेव्हा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गुरू नाशिकच्या शैलजा जैन होत्या. तेव्हा आपण त्यांना परक्या म्हटले काय? मी तरी म्हटले नव्हते.

हे सारे मी परतताना रिक्षात पुतण्याला सांगितले. त्याने इब्राहिमखानाविषयी दोन प्रश्न विचारले आणि तो झोपी गेला.

पुढे संघाची पुन्हा बांधणी झाली. दहाव्या हंगामाचे यशस्वी शिक्षक बी. सी. रमेश बेंगळुरूला गेले. त्यांच्या जागी भारताचे माजी कर्णधार अजय ठाकूर आले. शादलू तिसऱ्या वर्षी तिसऱ्याच दारी, गुजरातला, गेला. सचिन तंवर हा चढाईपटू कोटीच्या वर रक्कम देऊन आणला. पण मुख्य गोष्ट म्हणजे जुनी मुले राखली. अस्लम गुडघा बरा करून परत कर्णधार झाला, पंकज राहिला, आणि आदित्य शिंदे नावाचा एक पोरगा असा उसळला की माझे वडील असते तर त्यांनी त्याला मातीवर खेळवून पाहायला मागितला असता. बाराव्या हंगामात पुणे साखळीत पहिले आले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने आपल्याला ३१-२८ असे हरविले. तीन गुण! आणि दिल्लीच्या कोपऱ्यात कोण उभा होता? फझल अत्राचली, तोही इराणी, आणि २०२२ साली पुण्याचा कर्णधार. त्या वर्षी जयपूरकडून अंतिम सामना ३३-२९ असा हरलेल्या पुण्याच्या संघाचे नेतृत्व त्याच्याचकडे होते. त्याला पुण्याबरोबर जे साधले नाही, ते पुण्याविरुद्ध साधले.

या वेळी पुतण्या रडला नाही. सामना संपल्यावर तो बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. फझल एकेका पुणेकर खेळाडूला जवळ घेत होता. मग त्याने दोन्ही हातांनी टाळ्या वाजविल्या, फार नाहीत, चारपाच. हल्ली तो शाळेच्या संघात आहे. गेल्या महिन्यात त्यांचा डावा कोपरा दुसऱ्या शाळेत गेला, म्हणून ती जागा याला मिळाली आहे, आणि त्या जुन्या मित्राच्या शाळेशीच उद्या सकाळी सामना आहे. सहाला उठवा म्हणून सांगून तो झोपला आहे. त्याच्या गुडघ्याला आयोडीन लावायचे राहिले, हे आत्ता लिहिताना लक्षात आले.