दार लावण्याआधी

प्रिय मुक्ता,

‘सुझुमे’ पाहिलास आणि विचारलंस, सुझुमे दाराला कुलूप लावण्याआधी डोळे मिटून का थांबते? अगं, सगळा चित्रपट त्या थांबण्यातच आहे.

११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्येला, तोहोकूत, भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. गावंच्या गावं वाहून गेली. सुझुमेची आई त्यातच गेलेली. लहानग्या सुझुमेच्या रोजनिशीत त्या दिवसापासूनची पानं काळ्या रंगाने गिरवलेली दिसतात. मला तिथे पुढचं काही वेळ दिसेनासं झालं.

जपानमध्ये बांधकामाआधी जमिनीची शांती करतात, आपल्या भूमिपूजनासारखी. वस्ती ओस पडते तेव्हा मात्र तसा विधी सहसा नसतो. दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांना जागांसाठी शोक करणारी ही गोष्ट तिथून सुचली. म्हणून त्यांची दारं पडक्या ठिकाणी आहेत: दरड कोसळल्यावर सोडलेली शाळा, कोबेजवळची बंद पडलेली जत्रेची बाग. त्या दारांतून भूकंप घडवणारा अजस्र किडा बाहेर येऊ पाहतो. दार रेटायला बळ लागतंच, पण किल्लीचं भोक उमटतं ते तिथे नांदलेल्यांचे आवाज कानी आल्यावर. ‘जाऊन येतो’, ‘आलास का’, एवढंच साधं. मला किल्लारीची जुनी गावठाणं आठवली. १९९३ च्या भूकंपानंतर माणसं नव्या वसाहतींत गेली आणि ती मागे राहिली.

सुझुमेच्या तामाकी मावशीवर तू रागावलीस ना? पोरीला वाढवताना माझं आयुष्य गेलं, असं ती बोलून जाते. नंतर कबूल करते की तसं मनात आलं होतं, पण मनात तेवढंच नव्हतं. मी मावशी आहे, मला ती पटली.

आणि सुझुमेची तीन पायांची ती खुर्ची! आईनेच आपल्याला ती परत दिली, असं सुझुमेला कायम वाटत आलेलं. शेवटी कळतं, देणारी मोठी झालेली ती स्वतःच. शिनकाईंनी आईला परत आणलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. पोरीला धीर कुणी द्यायचा, तर जी हे सगळं सोसून मोठी झाली तिनेच.

तुझ्या जपानी मैत्रिणीला दाखवणार असशील तर आधी सांग, त्यात भूकंपाच्या इशाऱ्याचा आवाज येतो. जपानमध्येही प्रेक्षकांना तशी पूर्वसूचना दिली होती.

तुझी,
मावशी