वारा पडला तर पळायचं

जत्रेत भिरभिरेवाल्याला ओरडावं लागत नाही. बांबूच्या टोकाला पेंढा गुंडाळलेला, त्यात खोचलेली लाल, पिवळी, जांभळी भिरभिरी; झुळूक आली की सगळा माल आपणहून गिऱ्हाईक बोलावू लागतो. वारा पडला की तो बांबूच गर्रकन फिरवतो. फुंकर मात्र मारत नाही. धंद्यात तेवढा आब हवाच.

हल्लीची भिरभिरी चमकी प्लास्टिकची. दिसायला झकास, पण अंगानं ताठ. हलक्या वाऱ्याला दाद देत नाहीत. कागदाची गोष्ट वेगळी. चौकोनी कागद घ्यायचा, चारी कोपऱ्यांतून मध्याकडे कापत जायचं आणि मध्याच्या अलीकडे थांबायचं. आता टोकं झाली आठ. त्यातली एकाआड एक अशी चारच मध्यावर आणून टाचणी टोचायची. आठही दुमडली तर डावं-उजवं सारखं होतं आणि भिरभिरं जागचं हलत नाही. टाचणी गच्च बसली तरी तेच. काडी आणि कागद यांच्यामध्ये एक मणी ओवला, की मग बघायला नको! कोकणात एवढाही व्याप नाही. माडाच्या पात्या एकमेकींत अडकवायच्या आणि हिरावर फिरवायच्या. देशावर बाभळीचा काटा आणि चिपाड.

आणि वारा नसलाच तर? पोर वाट बघत बसत नाही. हात पुढे धरून पळत सुटतं. समोरची हवा पात्यांच्या पोटात शिरते आणि रंग एकमेकांत मिसळून जातात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. असल्या चक्कीच्या डोक्यात वाऱ्याकडे तोंड वळवणारी मोटर असते. एवढं करूनही वारा पडला की ती ताटकळते. पळायची सोय नाही. मला विचाराल तर मूल आणि भिरभिरं ही जोडी यंत्र म्हणून सरस.

आकाशातल्या भिरभिऱ्याला वारा लागतच नाही. सप्तर्षींच्या शेपटीजवळ, मरीची आणि वसिष्ठ यांच्याशी त्रिकोण साधून एम १०१ ही दीर्घिका आहे. तिला भिरभिऱ्याचंच नाव पडलंय. पिएर मेशँला १७८१ मध्ये ती सापडली, तेव्हा दिसला तो नुसता धूसर डाग. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं. फिरते, पण एका फेरीला कोट्यवधी वर्षं घेते, म्हणजे आपल्यापुरती थांबलेलीच. तरी १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकानं तिच्यात फुटलेला एक तारा टिपला.

वसिष्ठाला खेटून असलेली अरुंधती लग्नात वधूवरांना दाखवतात. हात लांब धरला तर तिथून तीनेक बोटांवर हे भिरभिरं आहे, ते मात्र भटजी सांगत नाहीत. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे खरं. पण संसारात लवकरच लागणारी वस्तू कुठं ठेवलीय, एवढं ठाऊक असलेलं बरं.